सगळ्या हॅटट्रिक एकाच तराजूत तोलायच्या का?

आडवापास

१८ मे २०१९, बुडापेस्ट. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. फ्रान्सच्या ल्यों क्लबच्या आडा हेगेरबर्गनं बार्सिलोनाविरुद्ध १४व्या, १९व्या आणि ३०व्या मिनिटाला गोल केले. ही स्पर्धा २०१०पासून एकाच अंतिम सामन्यावर ठरू लागली, त्यानंतर अंतिम सामन्यात झालेली ही पहिली हॅटट्रिक. पुरुषांच्या युरोपियन कपच्या, म्हणजे आताच्या चॅम्पियन्स लीगच्या, अंतिम सामन्यात शेवटची हॅटट्रिक मिलानच्या पिएरिनो प्रातीनं अयाक्सविरुद्ध केली, ती १९६९ साली! म्हणजे बरोबर पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

आता दुसरं चित्र बघा. याच स्पर्धेत २०१३च्या पहिल्या फेरीत जर्मनीच्या व्होल्फ्सबुर्गनं एस्टोनियाच्या पार्नूला एका सामन्यात १४-० आणि दुसऱ्यात १३-० असं हरवलं. असल्या सामन्यात कुणी तीन गोल केले तरी तक्त्यात तीही हॅटट्रिक आणि बुडापेस्टची तीही हॅटट्रिकच. हे मला पटत नाही. उपांत्यपूर्व फेरीपासून पुढच्या हॅटट्रिकची नोंद वेगळी ठेवावी. मोजायच्या त्याच.

सांगलीकर

साफ असहमत. नोंद ही नोंद असते. क्रिकेटचंच बघा. १९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर ४४३वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ला अवघ्या नऊ धावा कमी. काठियावाडच्या कर्णधारानं पुढे खेळायलाच नकार दिला. काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती म्हणून आपण ते ४४३ दुसऱ्या वहीत लिहितो का? समोर कोण उभं राहणार हे खेळाडू ठरवत नाही.

थेम्सकाठी

मी लंडनच्या आर्सेनल क्लबची वेडी आहे, त्यामुळे त्यांच्याकडून खेळलेल्या मिडेमाबद्दल बोलल्याशिवाय राहवणार नाही. १ डिसेंबर २०१९ला बोरहॅमवुडच्या मेडो पार्कवर मी हजर होते. आर्सेनल ११, ब्रिस्टल सिटी १. विवियान मिडेमाचे सहा गोल, वर चार गोलांना पास. अकरापैकी दहा गोलांत तिचा हात, आणि सामना संपायच्या बऱ्याच आधी तिला बाहेर बोलावलं होतं. एका सामन्यात सहा गोल हा इंग्लंडच्या महिला सुपर लीगमधला विक्रम आहे.

आडवापास यांच्या निकषानं हा सामना कुठल्या खान्यात जाणार? ब्रिस्टल तळाशी घुटमळणारा संघ होता, हे खरं. पण त्या वर्षी त्यांच्याविरुद्ध बाकी सगळे संघही खेळले, अकरा गोल कुणी मारले नाहीत. त्या दिवशी मिडेमा चेंडूमागे धावत नव्हती. ती आधीच रिकाम्या जागी जाऊन उभी असायची आणि चेंडू तिच्याकडे यायचा. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्याला ‘दुबळ्यांवरची मर्दुमकी’ म्हणाल तर मला वाईट वाटेल.

आडवापास

@थेम्सकाठी, मिडेमाच्या गुणांबद्दल वाद नाहीच. देशांतर्गत लीगमध्ये सगळे एकाच संघांशी खेळतात, त्यामुळे तिथली तुलना न्याय्य होते. माझा आक्षेप युरोपच्या स्पर्धेतल्या जुन्या रचनेवर आहे. २०२०-२१पर्यंत तिथे थेट ३२ संघांची बाद फेरी होती. मोठ्या क्लबच्या वाट्याला एखादा अर्धव्यावसायिक संघ यायचा, आणि दोन सामन्यांत गोलांची लयलूट व्हायची. २०२१-२२मध्ये १६ संघांची गटसाखळी आली आणि चित्र बदललं.

मडगावकर

पूर्ण बदललं असं म्हणवत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये गटसाखळीतच चेल्सीनं अल्बेनियाच्या व्लाझ्नियाला ८-० हरवलं. सॅम करचे चार, पेर्निल हार्डरचे तीन. एकाच सामन्यात एकाच संघाच्या दोघींची हॅटट्रिक! दरी रचनेमुळे नाही, पैशामुळे आहे. ल्योंमध्ये क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष झाँ-मिशेल ओला यांनी मुलींच्या संघावर खर्च करायचं ठरवलं तेव्हा युरोपातले बरेच मोठे क्लब त्या वाटेला फिरकतही नव्हते.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. या स्पर्धेत खेळलेली पहिली भारतीय मनीषा कल्याण, २०२२ साली सायप्रसच्या अपोलोनकडून, पात्रता फेरीत. तुमच्या हिशोबानं पात्रता फेरी बिनमहत्त्वाची ठरते. ज्या छोट्या क्लबांना तुम्ही तक्त्यातून हाकलताय, तिच्यासाठी युरोपचं दार त्यांतल्याच एकानं उघडलं.

आडवापास

हा मुद्दा मला लागला. हाकलायचं नाहीये, वेगळं लिहायचंय. तरी मनीषाचं उदाहरण माझ्या डोक्यात नव्हतं.

सांगलीकर

आणि बुडापेस्टचं काय? तो बार्सिलोनाचा पहिलाच अंतिम सामना होता. अर्ध्या तासात ते ४-०नं मागे पडले, शेवटी ४-१. मग तुमचाच नियम लावून ‘अननुभवी प्रतिस्पर्धी’ असा शेरा हेगेरबर्गच्या हॅटट्रिकपुढे मारायचा का?

आडवापास

तो शेरा मी कधीच मारणार नाही. त्याच संघातल्या अलेक्सिया पुतेयास, मारिओना काल्देन्ते या खेळाडूंनी दोनच वर्षांनी गोथेनबर्गला चेल्सीला ४-०नं हरवून हा चषक उचलला. ज्यांच्यावर हेगेरबर्गनं तीन गोल चढवले त्या कच्च्या नव्हत्या. त्या उपांत्य फेरी जिंकून तिथे आल्या होत्या, त्यांना कुणी चिठ्ठी टाकून आणलं नव्हतं. माझा निकष हाच आहे.

थेम्सकाठी

मग हेगेरबर्गचे २०१७-१८चे १५ गोल? एका हंगामातला विक्रम. त्यातले सुरुवातीच्या फेऱ्यांतले वजा करणार? ऑक्टोबर २०१९मध्ये तिनं जर्मनीच्या आन्या मिटागचा या स्पर्धेतला ५१ गोलांचा विक्रम मोडला, त्यातलेही गाळणार? आणि मिटागचे न गाळता कसं चालेल? एकदा गाळायला बसलात की तुमच्या लाडक्या खेळाडूचाच आकडा आधी घसरेल.

आडवापास

घसरू दे. उरलेल्या आकड्यांतही ती वरच्याच रांगेत असेल याची मला खात्री आहे. रविवारी बसून तिचे फेरीनिहाय गोल काढतो. मिटागचेही काढतो, आणि दोन्ही तक्ते इथेच टाकतो.