अनुभव धागा : ओटा फोडला, आता जेवायचं कुठे?

निशिगंध :
सकाळपासून वरच्या मजल्यावर हातोडा चाललाय. मघाशी जिन्यात वरच्या वहिनी भेटल्या, हातात दुधाची पिशवी. "एवढं तापवून द्याल का?" म्हणाल्या आणि मला आमचं 2019 सालचं सगळं आठवलं.

इंदूरच्या वैशालीनगरातलं जुनं घर. ओट्याखालच्या कपाटांना वाळवी लागली होती, तेवढीच बदलायची होती. मिस्त्री आला, ओट्यावर बोटं वाजवली, म्हणाला, "भिया, ये भी गया समझो." मग ओटा, मग टाइल्स, मग नळाची लाइन.

स्वयंपाकाचं फारसं अडलं नाही. जेवणाच्या टेबलावर इंडक्शन, बाजूला मसाल्याचा डबा. खिचडी, पिठलं, अगदी थालीपीठसुद्धा झालं. अडलं ते भांड्यांपाशी. बाथरूममध्ये पाटावर बसून घासायची, भाताची शितं जाळीत अडकलेली, आणि दाराशी सासरे टॉवेल घेऊन उभे. त्यात आमच्याकडे नळ एक दिवसाआड. नर्मदेचं पाणी जलूदहून 70 किलोमीटर येतं, शेवटची दहा पावलं मी बादलीने आणायची.

तुमचं काय झालं होतं? लिहा पटापट.

जिरावण :
सराफ्याची खाऊगल्ली असताना इंदूरकराला स्वयंपाकघर लागतंच कशाला 😄

अर्धाकप :
@जिरावण सराफा रात्री. सकाळी पोहे-जलेबी. दुपारी छप्पन दुकान, तीही खाऊगल्लीच. मजा येते दोन-चार दिवस, मग माणूस साध्या वरणभातासाठी कासावीस होतो. माझ्या मुलाने स्वतःहून दुधीची भाजी मागितली होती. पुन्हा कधी मागितली नाही.

मिस्त्रीपीडित :
भांडी सोडा, धूळ! टाइल कटर घरात चालवू देऊ नका, गच्चीवर किंवा अंगणात कापायला सांगा. आम्ही दाराला साडी लावली होती, तरी फ्रिजच्या रबरात पांढरी भुकटी. हळदीचा डबा उघडला तर वर सिमेंटचा थर. मिस्त्री रोज "कल पक्का". शेवटी वैतागून मीच त्याला रोज चहा पाजायचं बंद केलं, तर दुसऱ्या दिवशी आलाच नाही. परत सुरू केला. (चहा कुठे करत होतो ते विचारू नका. टपरीवरून थर्मास.)

रामबागची सून :
आमचं काम बरोब्बर गौरी-गणपतीत अडकलं. ठेकेदार आषाढात संपवणार होता. सासूबाई म्हणाल्या, महालक्ष्म्या बसणार, नैवेद्य होणार, कुठे ते तू बघ.

शेजारच्या भाभी जैन. त्यांनी आपणहून किल्ली हातात दिली, "आमच्या चौक्यात करा, कांदा-लसूण नसतोच ना तुमच्या नैवेद्यात." नसतो, खरंय. पण सोळा भाज्यांत बटाटा असतो, सुरण असतं, आणि अळूशिवाय तर पानच नाही. त्यांचा चातुर्मास, कंदमूळ नाही, पालेभाजी नाही. त्या काही बोलल्या नसत्या, पण आपल्याला कळायला नको का? मग वाटणी केली. पुरण, पोळ्या, कढी, भात, गवार-भोपळा-पडवळ वगैरे त्यांच्याकडे. अळू, बटाटा, सुरण आमच्या गॅलरीत इंडक्शनवर. सासूबाई सोवळ्यात, पळीताट घेऊन दोन घरांच्या मधल्या ओटल्यावरून ये-जा. पावसाची रिपरिप, म्हणून नवरा डोक्यावर छत्री धरून मागे मागे, आणि त्याला सक्त ताकीद, शिवायचं नाही.

भाभींना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, त्यामुळे त्या वर्षी आमचा नैवेद्य पहिल्यांदाच वेळेवर झाला. एरवी सवाष्णी चार वाजेपर्यंत उपाशी. आता दर वर्षी पुरणपोळीचा पहिला डबा त्यांच्याकडे जातो.

निशिगंध :
@रामबागची सून छत्री 😂😂 नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

अर्धाकप :
आणि घाटलं-आंबील? की वगळलं?

रामबागची सून :
वगळते कशी! ते आदल्या दिवशी नणंदेकडून आलं, सुदामानगरहून, स्कूटरवर. अर्धं सांडलं.

ओटीवरचा काका :
इंडक्शनवाल्यांसाठी थोडं. मी वायरिंगच्या कामात आयुष्य घालवलंय म्हणून लिहितो. भिंतीतला साधा 6 अँपियरचा सॉकेट म्हणजे जेमतेम 1400 वॅट. इंडक्शन बहुतेक 2000 चं. ते एक्सटेंशन बोर्डावर मायक्रोवेव्हच्या शेजारी लावलं की प्लग तापतो, मग प्लास्टिक जळल्याचा वास. गीझरचा किंवा एसीचा 16 अँपियरचा सॉकेट असतो, टेबल तिकडे सरकवा. अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, लोहचुंबक तळाला चिकटतो का बघून घ्या.

दुसरं, सिलिंडर बेडरूममध्ये नेऊन स्वयंपाक करणारे बरेच आहेत. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गॅलरी बरी.

मिस्त्रीपीडित :
काका, आमच्या बेडरूमला एसीचा पॉइंट आहे. म्हणजे पलंगावर बसून पोळ्या?

ओटीवरचा काका :
टेबल म्हणालो मी, पलंग नाही.

बडोदेकर मी :
इंदूरकरांनो, भांड्यांचं दुःख आम्हाला नाही. दांडिया बाजारच्या जुन्या घरात मागे चोकडी, म्हणजे भांडी घासायची मोरी आहे, स्वयंपाकघर गेलं तरी चोकडी शाबूत. पण आमच्याकडे पाइपलाइनचा गॅस. ओटा दुसऱ्या भिंतीला घ्यायचा म्हणजे पाइप हलवायचा, आणि तो आपल्या प्लंबरने हलवायचा नाही, गॅसवाल्यांचीच माणसं लागतात. तो अर्ज आधी करा, मग ओटा फोडा. आमच्या शेजाऱ्यांचा नवाकोरा ग्रॅनाइट चमकत होता आणि वहिनी त्यावर इंडक्शन ठेवून बसलेल्या. सकाळी रोज सेव-उसळ.

जिरावण :
सेव-उसळीवर धागा काढा वेगळा. तिखट तर्री आणि पाव की कसं?

बडोदेकर मी :
तर्री वेगळी मिळते, आपापल्या हिमतीवर घालायची. वरून पातीचा कांदा.

लोकमान्यनगरी :
बाबा एकटेच इथे, मी पुण्यात. किचनचं काम निघालं तेव्हा डबा लावून दिला. चव चांगली, पण तेल आणि तिखट फार. बाबा 78 चे. फोनवर कधी तक्रार नाही, "उत्तम चाललंय". मी आले तेव्हा बघितलं, इलेक्ट्रिक किटलीत पाणी उकळून भाजी गाळण्यात घेऊन धूत होते, मग वरून लिंबू पिळून खायचे. मला म्हणाले, "जमतं गं, रस्सा झाडाला नाही घालत, तिखट आहे." मी डबेवाल्या काकूंना भेटून आले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, आधी सांगायचं ना, मी दोघांसाठी वेगळं काढतेच. मग त्यांच्याकडून मऊ भात आणि ताकातली पालकाची भाजी यायला लागली. काम संपलं तरी बाबांनी डबा बंद केला नाही. नवा ओटा चहापुरता.

निशिगंध :
@लोकमान्यनगरी किती गोड आहेत बाबा.

पाटणकर बाजारवाली :
आमचं ग्वाल्हेरला डिसेंबरात निघालं काम. खिडकीची चौकट काढलेली आणि बाहेर धुकं. आईने माळ्यावरून सिगडी काढली, अंगणात. बाट्या, वांग्याचं भरीत, गुळाचा चहा. सगळे सिगडीभोवती शाल पांघरून. बाकी काम लांबलं त्याचं कोणालाच काही वाटलं नाही, बाबा सोडून, कारण पैसे ते देत होते.

अर्धाकप :
एक शंका, इंदूरवाल्यांना. पत्रावळी ओल्या कचऱ्यात की सुक्या? आमच्या गाडीवाल्याने परत दिल्या.

निशिगंध :
पानांच्या असतील तर ओल्यात. आतून चमचमणाऱ्या कागदाच्या असतील तर सुक्यात, त्याही खरकटं काढून, पुसून. उगाच नाही आपण इंदूरवाले 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिले येत. म्हणजे भांडी घासण्यातून सुटका नाहीच 😄

मिस्त्रीपीडित :
आणि मलबा रोजच्या गाडीत अजिबात घेत नाहीत. महापालिकेची वेगळी गाडी बोलवायची, पैसे भरून. आमच्या ठेकेदाराने रात्री कोपऱ्यावर टाकायचा बेत केला होता, मीच अडवला. दंड मला झाला असता, त्याला नाही.

दुपारचीझोप :
मनापासून वाचतेय सगळं. आमचं पुढच्या महिन्यात निघतंय. चिमणी लावावी का? नवरा म्हणतो एक्झॉस्टच बरा.

रामबागची सून :
चिमणीची जाळी दर आठ-पंधरा दिवसांनी कोण धुणार ते आधी नवऱ्याकडून वदवून घ्या.

ओटीवरचा काका :
फोडणी रोजची असेल तर पाइप बाहेर काढलेली चिमणी घ्या. भिंतीला भोक टाइल्स लावायच्या आधी.

दुपारचीझोप :
भोक आधी, बरं. आणि सिंक केवढं घेऊ?

निशिगंध :
कढई आडवी मावेल एवढं. दुकानात जाताना कढई घेऊन जा.

जिरावण :
नेली होती मी. दुकानदाराला वाटलं विकायला आलोय.