हिवाळ्यात घरचे धान्य, घरचे सरपण आणि मंदावणारा गोबर गॅस: रोख पैसा नेमका कुठे जातो?

प्रश्न: मलप्रभाकाठ (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

सर्वांना नमस्कार. दोन वर्षांपूर्वी पुण्यातील नोकरी सोडून मी पत्नी व दोन मुलांसह गावी आई-बाबांकडे राहावयास आलो. शेती दोन एकर दहा गुंठे आहे. पावसाळ्यात भात, आणि भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, पावटा व थोडा वाटाणा, एवढीच पिके. गोठ्यात दोन म्हशी आहेत, परसात नारळाची चार झाडे, केळी आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी भाजी आहे. ज्या वर्षी गवे कृपा करतात, त्या वर्षी सहा माणसांना पुरून थोडे भात विकावयासही उरते.

गेल्या वर्षापासून मी घरखर्चाची वही ठेवतो. शाळेची फी आणि बियाणे-खत वजा केल्यास, पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेवढा रोख पैसा घराबाहेर जातो, त्याहून अधिक तो कार्तिक ते माघ या काळात जातो, असे वहीत दिसते. हे मला उलटे वाटते, कारण कणग भरलेली, परडे हिरवे आणि म्हशी दुधावर असा हाच काळ. बाबा सांगतात की त्यांच्या तरुणपणी हिवाळ्यात बाजारातून मीठ, चहापूड, रॉकेल आणि कापड यांखेरीज फारसे काही घरात येत नसे. आमच्या वहीत मात्र दोन महिन्यांत तीन सिलिंडर, पाणी तापविण्याच्या रॉडमुळे वाढलेले वीजबिल, पशुखाद्याची पोती, नवी ब्लँकेटे आणि, लिहिण्यास संकोच वाटतो, विकतची मसूरडाळ आहे. घरच्या मसुराला गेल्या वर्षी टोके (धान्यातले किडे) लागले.

घरी दोन घनमीटरचे गोबर गॅस संयंत्र आहे. पावसाळा सरेपर्यंत ते बऱ्यापैकी चालते, पण डिसेंबरात पहाटेचा पारा १३-१४ अंशांवर उतरला की ज्योत पिवळी पडून फडफडू लागते आणि चहाही होत नाही. काटकसर म्हणजे उपासमार नव्हे, हे मला समजते. घरात जे आहे ते असूनही विकत का घ्यावे लागते, हे मला जाणून घ्यावयाचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १: पश्चिम भागातली काकू (बेळगाव तालुका)

तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे असाल, म्हणून मोकळेपणाने लिहिते. हिवाळ्याचा खर्च हिवाळ्यात ठरत नाही, तो सुगीत ठरतो. भात विळ्याने कापले की यंत्राने, हे तुम्ही लिहिलेले नाही. यंत्राने कापले असेल, तर पिंजराचा (भाताच्या पेंढ्याचा) चुरा रानातच राहिला असणार, आणि मग म्हशींसाठी पोती आणावी लागली यात नवल नाही. आमच्याकडे मजूर मिळत नाहीत ही अडचण खरीच आहे, परंतु निदान घराजवळचे एक एकर तरी आम्ही हातानेच कापतो, झोडपतो आणि गंजी घालतो. ती गंजी पुढे मे महिन्यापर्यंत जनावरांना पुरते. गिरणीवर भात भरडून आणताना कोंडा तिथेच सोडून येणारी माणसे मी पाहिली आहेत. तांदूळ आपला, पण कोंडाही आपलाच, हे विसरू नये. तुसाचाही उपयोग होतो. बंबात लाकडाबरोबर मूठमूठ टाकत गेले की ते बराच वेळ धुमसत राहते.

अंघोळीच्या पाण्यासाठी निराळा जाळ आम्ही कधीच करत नाही. चुलीच्या मुख्य तोंडावर भात शिजत असतो, तेव्हा वैलावर तांब्याचा हंडा असतो. सायंकाळचा स्वयंपाक उरकला की निखाऱ्यांवर राख ओढून हंडा झाकून ठेवायचा. पहाटे ते पाणी कोमट असते आणि दोन शेण्यांत कढत होते. रताळी भाजावयाची तीही त्याच राखेत. आमच्या भागात रताळ्याचे पीक मोठे. काढणीच्या वेळी व्यापारी टपोरी रताळी उचलतो आणि बोटाएवढी बारीक मागे राहतात. ती उकडून सकाळी दुधाबरोबर खाल्ली की मुलांना बिस्किटाचा पुडा आठवत नाही. वेल म्हशींना जातात.

आता ब्लँकेटांविषयी. सासूबाईंची जुनी सुती लुगडी पेटीत पडून असतील, तर ती बाहेर काढा. चार-पाच पदर एकावर एक घालून, कडेपासून आत येत धावदोरा घातलेली वाकळ दोन ब्लँकेटांएवढी ऊब देते. नायलॉनच्या साड्या मात्र त्यात घालू नका. वरून चकचकीत दिसतात, आत अंग गार राहते. थंडी वरून जितकी लागते, त्याहून अधिक ती सारवलेल्या जमिनीतून चढते, म्हणून खाली कोरड्या पिंजराचा थर, त्यावर गोणपाट आणि मग अंथरूण, अशी आमची पद्धत आहे. पिंजर दर आठ दिवसांनी बदलून गोठ्यात टाकावे, नाहीतर पिसवा होतात.

मसुराचे म्हणाल, तर चूक बहुधा भरण्याच्या घाईत झाली असावी. तीन कडक उन्हे द्यावीत, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. आणि उन्हातून उचललेले धान्य गरम असताना डब्यात कधीही कोंबू नये. रात्रभर घरात पसरून निववावे, अन्यथा आत घाम येतो आणि टोक्यांना आमंत्रण जाते. आम्ही चाळलेली लाकडी राख मिसळतो. डाळ करून ठेवावयाची असेल, तर एरंडेलाचा हात फिरवतो.

उत्तर २: गोबर गॅसचा गवंडी (निपाणी)

काकूंनी घरातले सांगितले, मी संयंत्रापुरते सांगतो. थंडीला दोष देण्यापूर्वी कृपया शेण मोजावे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते. एका म्हशीचे शेण, ती दिवसा चरावयास जात असेल तर, १२ ते १५ किलोंहून जास्त गोठ्यात सापडत नाही. म्हणजे आपल्या दोन म्हशींवर जेमतेम अर्धे पोट भरते. संयंत्र बांधले तेव्हा गोठ्यात किती जनावरे होती? बहुतेक घरी मला हाच प्रकार आढळतो: बैल विकून पॉवर टिलर येतो आणि संयंत्र पूर्वीच्याच आकाराचे राहते. बैलजोडी गेली की नांगरणीबरोबर इंधन, खत आणि शेण्या, हे सगळेच कमी होते, पण हिशेबात फक्त नांगरणी धरलेली असते.

थंडीचा भागही खरा आहे. शेण कुजविणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. २० च्या खाली त्यांचे काम फार मंदावते आणि १० च्या जवळ जवळपास थांबते. त्यामुळे हिवाळ्यात शेणकाला सकाळी सातला न घालता दुपारी बारा-एकला घालावा. त्यासाठीचे पाणी काळ्या पत्र्याच्या पिंपात सकाळपासून उन्हात ठेवलेले असावे. आपले संयंत्र जमिनीखालच्या घुमटाचे, म्हणजे दीनबंधू पद्धतीचे असेल, तर घुमटावरील मातीवर हातभर पिंजराचा किंवा उसाच्या पाचटाचा थर द्यावा. लोखंडी तरंगत्या टाकीचे असेल, तर ती रात्री फार लवकर निवते. तिच्याभोवती कडब्याचा कूड उभा करावा. गोठा धुतलेले फिनेलचे किंवा साबणाचे पाणी शेणात जात असेल, तर ते आजच थांबवावे; त्याने जिवाणूच मरतात.

ज्योत फडफडते असे आपण लिहिले आहे. ते गॅस कमी असल्याचे नव्हे, तर नळीत पाणी साचल्याचे लक्षण आहे. थंडीत नळीच्या आत दव धरते आणि सर्वांत खोलगट जागी पाणी साचून गॅस अडखळतो. नळीचा उतार पाहून तेथील तोटी उघडावी आणि पाणी काढून टाकावे. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी मला बोलावून लोक फुकट चहा पाजतात.

हे सर्व करूनही दोन म्हशींच्या शेणावर रोज एक घनमीटरहून जास्त गॅसची अपेक्षा धरू नये. एक घनमीटर म्हणजे साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. महिन्याला तेरा किलोंच्या आतबाहेर, म्हणजे १४.२ किलोंच्या एका सिलिंडरला थोडे कमीच. आणि त्याच शेणाच्या शेण्या थापल्या, तर तेवढाही नाही. शेण एकच आहे. ते चुलीत जाळले की खत गेले. गॅसमधून काढले, तर इंधनही मिळते आणि संयंत्रातून निघणाऱ्या मळीचे खतही रानात जाते.

उत्तर ३: जोंधळ्याचे रान (अथणी)

आमचा भाग कोरडा, त्यामुळे तुमचे भात आमच्याकडे नाही आणि आमचा शाळू तुमच्याकडे नाही. तरी दोन गोष्टी सांगतो. पिंजर हा कडब्याच्या मानाने हलका चारा आहे, आणि त्यावर दुधाची म्हैस पोसण्यासाठी पशुखाद्य लागणारच. ते कमी करावयाचे असेल, तर पिंजरावर युरियाची प्रक्रिया करून पाहावी: १०० किलो पिंजर, ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर-थर शिंपडायचा, दाबायचा आणि ताडपत्रीखाली हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर उग्र वास जाईपर्यंत पसरून मगच थोडे थोडे खाऊ घालावे. युरियाचे पोते आणि ते पाणी जनावराच्या तोंडाला लागता कामा नये. ते विष आहे. सहा महिन्यांच्या आतील रेडकाला हे पिंजर देऊ नये. पहिल्या वेळी कोणीतरी माहितगार सोबत असावा. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा पशुवैद्यकाकडे विचारल्यास सांगतात, फक्त तेथील पत्रक कानडीत असते, ते वाचून घेणारा शेजारी धरावा.

दुसरी गोष्ट: मसुराबरोबर चार ओळी हरभरा टाकून पाहा. कोवळे शेंडे खुडल्याने झाड फुटते आणि भाजीही होते. जास्तीचा पाला सावलीत वाळवून मडक्यात भरला, तर चैत्रापर्यंत पातळ भाजीला पुरतो. पहाटे धुतलेले पांढरे फडके हरभऱ्यावरून फिरवून दवाबरोबर उतरणारी आंब पिळून बाटलीत भरण्याची रीत आमच्याकडे अजून आहे. माझी आई पोटदुखीला तीच देते, आणि आमटीला चिंच नसली तरी चालते. हुलगे तर खडकाळ बांधावरही येतात. रात्री हुलग्याच्या पिठाचे गरम माडगे, लसूण घालून, आणि भाकरी. एवढ्यावर थंडीतले जेवण होते.

उत्तर ४: परतलेली सून (चिकोडी)

वरील सर्व सल्ले उपयुक्त आहेत, पण त्यांतील बहुतेक कामे कोण करणार हे कोणीच लिहिलेले नाही. पहाटे चूल पेटविणे, शेण कालविणे, पाला वाळविणे, वाकळ शिवणे ही कामे वहीत रुपयांत दिसत नाहीत, म्हणून ती फुकट वाटतात. सिलिंडर आला तेव्हा माझ्या सासूबाईंचा खोकला निम्मा झाला, हेही वहीत नसते. (काकूंना दुखविण्याचा हेतू नाही, त्यांचा हंडा मला मनापासून आवडला.)

चूल ठेवावयाचीच असेल, तर धुराडे असलेली ठेवावी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या विभागाने तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ तयार केली. ओले म्हणजे कानडीत चूल. एकाच जाळावर भात, आमटी आणि पाणी होते आणि धूर छपराबाहेर जातो. आमच्या घरची माती-विटांचीच आहे. धुराड्याची नळी तेवढी विकत आणली, आणि ती महिन्यातून एकदा झाडावी लागते.

रॉडविषयी एक हिशेब: दीड किलोवॅटचा रॉड रोज तासभर चालला, तर महिन्याला ४५ युनिट होतात. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत प्रत्येक घराच्या मोफत विजेची मर्यादा २०० युनिट नसते; ती त्या घराच्या आधीच्या सरासरीवर थोडी वाढ धरून ठरते. ज्यांचा वापर मुळातच कमी होता, त्यांची मर्यादा कमी, आणि रॉड लावला की वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. बहुधा आपले तेच झाले असावे.

मूळ प्रश्नकर्ता: मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. गवंडीदादांचा अंदाज बरोबर ठरला: संयंत्र बांधले तेव्हा चार जनावरे होती, बैलजोडी मी येण्याच्या आधीच्या वर्षी विकली गेली. काल बुट्टीने शेण मोजले, २७ किलो भरले. नळीची तोटी उघडली तेव्हा लोटाभर पाणी निघाले आणि आज सकाळी चहा गोबर गॅसवर झाला. भात या वर्षी यंत्रानेच कापले होते, हेही कबूल करतो. पुढच्या सुगीला घराजवळचे पाऊण एकर हाताने कापण्याचे ठरले आहे.

चिकोडीच्या ताईंचे उत्तर पत्नीला वाचून दाखविले. वहीत कामाच्या तासांचा रकाना घालावा, असे तिने सुचविले आणि शेण कालविण्याचे काम माझ्या नावावर लिहून टाकले. धुराड्याच्या चुलीसाठी न्हाणीलगतची जागा पाहिली आहे. काकू, आईच्या पेटीत सहा सुती लुगडी निघाली, पण त्यांतील दोन काठाला विरली आहेत. ती आतल्या पदरांत घातली तर चालतील का, की धावदोरा धरणार नाही?

पश्चिम भागातली काकू

चालतील. विरलेली आत, धडधाकट दोन वर-खाली. काठ मात्र कापून वेगळे काढा, त्यांची वाकळेला कडेची पट्टी होते.