शब्दचर्चा : ‘ताण’, ‘तग धरणे’ आणि ‘अनुकूलन’ (सजीवांच्या संदर्भात)

प्रश्न :
जीवशास्त्रावरील एका मजकुराचे संपादन करताना ‘अनुकूलन’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या गोष्टींसाठी आलेला दिसला : निवडुंगाचे काटे, उघड्यावर ठेवल्यावर काटक होणारे रोप, दुपारी गुंडाळली जाणारी गवताची पाने आणि तहानलेल्या उंटाचे दिवसभर वाढत जाणारे शरीराचे तापमान. हा वापर योग्य आहे का? तसेच ‘ताण’, ‘तग धरणे’ आणि ‘सहनशीलता’ यांत कोणता भेद मानावा?

प्रतिसाद :
चारही ठिकाणी एकच शब्द योजणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यामुळे बदल किती काळात घडला हेच वाचकाला कळेनासे होते. निवडुंगाचे काटे हे पानांचे रूपांतर आहे. ते असंख्य पिढ्यांच्या निवडीतून आले आणि प्रत्येक निवडुंगाला वारशाने मिळते. हे अनुकूलन. रोप काही दिवस ऊनवाऱ्यात ठेवले की त्याच्या पानांवरचे मेणचट आवरण जाड होते आणि ते काटक बनते, पण हा बदल त्या एका रोपाच्या आयुष्यातला आहे. त्यासाठी ‘सरावणे’ हे रोजच्या वापरातले क्रियापद पुरेसे आहे. ‘रोप उन्हाला सरावले’ या वाक्यात काही उणे राहत नाही. गवताचे पान गुंडाळले जाणे हा तर काही तासांचा प्रतिसाद आहे.

उंटाचे उदाहरण थोडे सविस्तर पाहायला हवे. पाणी मिळत नसलेल्या उंटाचे शरीर पहाटे सुमारे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत निवते आणि दुपार कलताना ४० अंशांपलीकडे तापते. ही उष्णता घाम गाळून बाहेर टाकण्याऐवजी तो ती अंगात साठू देतो आणि रात्रीच्या गार हवेत सोडून देतो, त्यामुळे तेवढे पाणी वाचते. म्हणून इथे ‘उंटाला ताप चढतो’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. त्या दिवशीची तापमानवाढ हा प्रतिसाद आहे आणि ती पेलण्याची उंटाची जन्मजात क्षमता हे अनुकूलन आहे. एकाच वाक्यात दोन्ही येत असतील तर दोन्ही शब्द वापरावेत.

आता ‘ताण’. पदार्थविज्ञानात बाहेरून येणाऱ्या बलाने वस्तूत निर्माण होणारे ‘प्रतिबल’ आणि त्यामुळे तिच्या आकारात होणारी ‘विकृती’ असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे रूढ आहेत. जीवशास्त्रीय लेखनात मात्र कारण आणि परिणाम दोन्हींना ‘ताण’च म्हटले जाते. शेतीच्या बोलण्यात हा घोळ क्रियापदाने सोडवलेला आहे, आणि ती सोय आपण सोडू नये असे मला मनापासून वाटते. ‘पिकाला ताण बसला’ म्हणजे पाणी कमी पडून पिकाची हानी झाली. ‘बागेला ताण दिला’ म्हणजे बहर धरण्यासाठी पाणी जाणूनबुजून तोडले. ‘ताण पडतो, बसतो, दिला जातो, सोसला जातो’ यांतले नेमके काय घडले ते लिहिले, तर निराळी परिभाषा घडवण्याची गरज बहुतेक ठिकाणी उरत नाही.

पानाच्या पातळीवर तर ‘पाण्याचा ताण’ आणि ‘उष्णतेचा ताण’ हे वेगळे काढणेच अवघड असते. जमीन कोरडी पडू लागली की वनस्पतीत अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, पर्णरंध्रांच्या (पानावरील सूक्ष्म छिद्रांच्या) दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतले पाणी निघून जाते, त्या सैल पडतात आणि रंध्र मिटते. बाष्पोत्सर्जन (पानांतून वाफेच्या रूपाने पाणी बाहेर पडणे) घटल्यामुळे पाणी वाचते, पण बाष्पीभवनाने मिळणारा गारवाही त्याबरोबर जातो आणि कार्बन डायऑक्साइडची आतली वाट बंद होते. पान तापते, शिवाय उपाशी राहते. अशा प्रसंगी एकाच ताणाचे नाव घेण्यापेक्षा ‘पाणी तुटल्यामुळे पान तापले’ असे कार्यकारण सांगणारे वाक्य अधिक खरे ठरते. निवडुंगासारख्या अनेक वनस्पती रंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटलेली ठेवून त्यावर काम चालवतात.

परिणामाच्या पायऱ्यांसाठी मराठीत आयते शब्द आहेत, फक्त त्यांची अदलाबदल होऊ नये. दुपारी पिकाने ‘माना टाकल्या’ तरी पेशींचा ताठपणा संध्याकाळी परत येऊ शकतो. ‘कोमेजणे’ही पाणी मिळाल्यास बरेचदा भरून निघते. ‘सुकणे’ यात पाणी गेल्याचा अर्थ प्रधान आहे, तर ‘करपणे’ यात ऊतक भाजून मेल्याचा. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही.

‘तग धरणे’ हा शब्दप्रयोग फक्त निष्पत्ती सांगतो, मार्ग सांगत नाही. मार्ग सांगायचा असेल तर ‘चुकवणे’, ‘टाळणे’ आणि ‘सोसणे’ ही तीन क्रियापदे वेगळी ठेवावीत. पाऊस पडताच उगवून, फुलून, बी धरून मोकळ्या होणाऱ्या वाळवंटातील अल्पायुषी वनस्पती कोरडा काळ चुकवतात. खोल मुळे आणि मिटलेली रंध्रे पेशींतली पाण्याची तूट टाळतात. मायरोथॅम्नससारखी पुनरुज्जीवी वनस्पती मात्र तूट खरोखर सोसते : तिची पाने जवळपास पूर्ण वाळतात आणि पाणी मिळाल्यावर पुन्हा हिरवी होतात. थंडीतही हाच भेद दिसतो. अंटार्क्टिक समुद्रातले काही मासे गोठणरोधी प्रथिनांच्या बळावर रक्तात बर्फ वाढू देत नाहीत, म्हणजे ते गोठणे टाळतात. उत्तर अमेरिकेतील लाकडी बेडूक गोठणे सोसतो. त्याच्या शरीरातल्या पाण्याचा मोठा भाग बर्फ होतो, हृदय थांबते, पेशींना ग्लुकोज जपते आणि बर्फ वितळल्यावर तो हालचाल करू लागतो. ‘सहनशीलता’ ही संज्ञा या तिसऱ्या प्रकारापुरतीच राखून ठेवावी.

उपप्रश्न :
मग ‘शीतनिद्रा’ आणि ‘ग्रीष्मनिद्रा’ यांतील ‘निद्रा’ कितपत बरोबर आहे? आणि ‘हीट शॉक प्रोटीन्स’साठी ‘उष्माघात प्रथिने’ हा शब्द चालेल का?

प्रतिसाद :
‘शीतनिद्रा’ आता इतका रुळला आहे की तो बदलू नये. मात्र ती झोप नव्हे, हे एकदा स्पष्ट करावे. आर्क्टिक प्रदेशातील भूखारीच्या (जमिनीत बीळ करून राहणाऱ्या खारीच्या) शरीराचे तापमान या काळात शून्याखाली जाते आणि चयापचय अत्यंत मंदावतो. ती अधूनमधून शरीर पुन्हा तापवते आणि त्या उबदार अवधीत खरी झोप घेते. चिखलात श्लेष्माचे आवरण करून राहणाऱ्या आफ्रिकी फुप्फुसमाशासाठी ‘ग्रीष्मनिद्रा’ याच अटीवर चालेल. वाळून गेलेल्या जलअस्वलासाठी (टार्डिग्रेड या आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्यासाठी) मात्र कोणतीच ‘निद्रा’ नको, कारण तिथे चयापचय जवळजवळ थांबलेला असतो. ‘गुप्तजीवन’ हा शब्द त्याला अधिक जवळचा आहे.

‘उष्माघात प्रथिने’ मी टाळेन. ‘उष्माघात’ हे मराठीत एका आजाराचे नाव आहे, त्यामुळे ही प्रथिने त्या आजारात किंवा त्यामुळे तयार होतात असा समज होतो. इटालियन आनुवंशशास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांनी १९६२मध्ये तापमान वाढल्यावर फळमाशीच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे उमटल्याची नोंद प्रसिद्ध केली आणि तिथून या प्रथिनांचा शोध लागत गेला. उष्णतेने घडी मोडू लागलेल्या इतर प्रथिनांना ती सावरतात आणि त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत. ‘उष्णताधक्का प्रथिने’ हा पर्याय मला बरा वाटतो. थंडी, पाण्याची तूट आणि जड धातू यांमुळेही ती वाढतात, त्यामुळे संदर्भ केवळ उष्णतेचा नसेल तर ‘ताणरक्षक प्रथिने’ असे लिहून पहिल्या उल्लेखाच्या वेळी अर्थ उलगडून द्यावा.