चर्चा: आपत्कालीन फोन जिल्ह्यातच उचलला जावा, की राज्यासाठी एकच केंद्र पुरे?

बिनतारी (मूळ मांडणी)

महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका सेवा पुण्यातील केंद्रातून चालवली जाते आणि 2021 पासून पोलिसांच्या 112 क्रमांकावरचे फोन नवी मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांत उचलले जातात. त्याआधी 100 फिरवला की जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातला अंमलदार फोन घेत असे, आणि तोच बिनतारी संदेश यंत्रावरून गाडीला निरोप देत असे. मी अशाच एका कक्षात बरीच वर्षे नोकरी केली आहे. माझे म्हणणे स्पष्ट आहे: गाडी पाठवण्याचे काम जसे आजही 112 मध्ये जिल्ह्याकडे ठेवले आहे, तसेच फोन घेण्याचे कामही जिल्ह्याकडे परत यावे.

कारण साधे आहे. "वडगावला कालव्यात गाडी गेलीय, लवकर या," असे कोणी ओरडून सांगतो तेव्हा जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या हद्दीतल्या तीन-चार वडगावांपैकी कालवा कोणत्या वडगावातून जातो हे आधीच ठाऊक असते; तो फार तर "कारखान्याकडचे ना?" एवढेच विचारतो आणि दुसऱ्या हाताने माइक उचलतो. केंद्रात बसलेल्याला मात्र जिल्हा, तालुका, गाव, खुर्द की बुद्रुक, जवळची खूण अशी उतरंड उतरावी लागते, आणि दोन-तीन प्रश्नांतच समोरचा "किती चौकशा करता, आधी गाडी पाठवा" म्हणून चिडतो. चिडलेला माणूस नीट सांगत नाही, आणि फोन ठेवून दिला तर परत लावल्यावर तो दुसऱ्याच कर्मचाऱ्याकडे जातो. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा घाबरलेला माणूस किती भरभर बोलतो, हे ज्याने ऐकले आहे त्याला मी अधिक सांगायला नको.

रात्रपाळी

मी सध्या एका केंद्रात फोन घेण्याचे काम करते, म्हणून आपल्या मांडणीला विरोध नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट अशी की गाडी निघण्यासाठी माझे सगळे प्रश्न संपावे लागतात, हा समज बरोबर नाही. नीट चालणाऱ्या केंद्रात जागा आणि घटनेचा प्रकार एवढे कळले की नोंद तयार होऊन पुढे जाते. उरलेले प्रश्न मी विचारत असते तेव्हा पाठवणारा गाडी शोधत असतो, आणि मी टंकलेली प्रत्येक नवी ओळ त्याच्या पडद्यावर उमटते. फोन करणाऱ्याला हे दिसत नाही, त्यामुळे त्याला वाटते की मी प्रश्नच विचारत बसले आहे. म्हणून आम्ही बोलताना मध्येच "गाडी निघाली आहे, तुम्ही मला आणखी सांगा" असे म्हणतो, आणि त्या एका वाक्याने आवाज खाली येतो.

दुसरी गोष्ट गर्दीची. महामार्गावर बस उलटली की तिथून जाणारा प्रत्येक जण फोन लावतो. जिल्ह्याच्या कक्षात रात्री दोन माणसे असतील तर ती दोघे त्याच बसची हकीकत पुन्हा पुन्हा ऐकत राहतात, आणि त्याच वेळी घरी वडिलांना हृदयविकाराचा झटका आलेल्या मुलीला 'लाइन व्यस्त' असे ऐकू येते. मोठ्या केंद्रात असे फोन एका नोंदीखाली एकत्र करता येतात आणि उरलेले हात मोकळे राहतात. खिशातून चुकून लागणाऱ्या फोनांचेही तेच. 1 जानेवारी 2017 पासून देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये आपत्कालीन बटण असावे असा नियम आहे. साध्या फोनवर 5 किंवा 9 हे बटण दाबून धरले की फोन लागतो, आणि आजीच्या हातातला फोन नातवाने खेळायला घेतला की तोही लागतो. तरीही असा फोन लगेच ठेवून देता येत नाही, कारण पलीकडची शांतता लहान मुलाची आहे की बोलता न येणाऱ्या बाईची, हे ऐकूनच ठरवावे लागते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि आपण तिला स्पर्शही केला नाही. पूर्वी जिल्ह्याच्या नोंदवहीत जो फोन चढला नाही तो आलाच नव्हता असे म्हणता येत असे. नवरा मारतो म्हणून फोन करणाऱ्या बाईचा आवाज स्थानिक अंमलदाराला ओळखीचा असतो, नवराही ओळखीचा असतो, आणि "त्यांचे रोजचेच आहे" हा निर्णय कागदावर न येता तिथल्या तिथे होऊन जातो. आज तिचा फोन ध्वनिमुद्रित होतो, त्याला क्रमांक मिळतो, आणि जिल्ह्याने काय केले हे लिहिल्याशिवाय ती नोंद बंद होत नाही. आपण ज्याला स्थानिक ज्ञान म्हणता त्याची ही दुसरी बाजू आहे.

बिनतारी

ओळखीचा गैरवापर होत असे, हे मी नाकारत नाही; मात्र त्यावरचा उपाय ध्वनिमुद्रण हा आहे, अंतर नव्हे. जिल्ह्यात उचललेला फोनही मुद्रित करून त्याची प्रत त्याच क्षणी राज्याच्या केंद्रात ठेवता येते, आणि मग ती पुसणे जिल्ह्याच्या हाती राहत नाही. नोंद कोणाच्या ताब्यात असावी आणि कानाला रिसीव्हर कोणी लावावा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकत्र केले आहेत.

बसच्या अपघाताचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. जिल्ह्याच्या सगळ्या लाइन भरल्या तर उरलेले फोन आपोआप केंद्राकडे वळावेत, एवढी सोय करावी लागेल.

घाटमाथा

मी 108 च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम केले आहे. आपण दोघेही पोलिसांच्या कामावरून बोलत आहात. वैद्यकीय फोनाची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे गाडी पोहोचण्याआधी फोनवरच उपचार सुरू होऊ शकतो.

माणूस कोसळला असेल तर दोनच प्रश्न आधी विचारायचे असतात: शुद्धीवर आहे का, आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का. खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे. हृदय बंद पडल्यावरही काही काळ रुग्ण मधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो, घशातून घरघर येते, आणि नातेवाईक "हो हो, श्वास आहे, घोरताहेत" असे सांगतात. फोन घेणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला तर हातातली मिनिटे गेली. शिकवलेला कर्मचारी "प्रत्येक श्वासाला मला 'आता' म्हणा" असे सांगतो, दोन 'आता'मधले अंतर मोजतो, आणि ते लांबलेले असेल तर पुढचे काही न विचारता छाती दाबायला लावतो: रुग्णाला जमिनीवर उताणे घ्या, तळहात छातीच्या मधोमध, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि माझ्याबरोबर मोठ्याने मोजा. अमेरिकेत सिअॅटलच्या परिसरात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून फोनवरून असे शिकवले जात आहे. हे कौशल्य वारंवार सराव केला तरच टिकते. ज्या कक्षात असा फोन क्वचित येतो तिथल्या माणसाकडून ते प्रत्येक पाळीत तयार असेल अशी अपेक्षा ठेवणे मला अवास्तव वाटते, म्हणून फोन घेण्याच्या बाबतीत मी केंद्राच्या बाजूने आहे.

गाडी पाठवण्याच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे 'बिनतारी' यांच्या बाजूने आहे. सेवा सुरू झाली तेव्हा राज्यासाठी 937 रुग्णवाहिका होत्या, त्यांतल्या प्रगत जीवनरक्षक 233 आणि उरलेल्या 704 मूलभूत सुविधेच्या. एवढ्या मोठ्या राज्यात एक गाडी चुकीच्या दिशेने गेली की मागे पूर्ण तालुका उघडा पडतो. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड कोसळली की पोलादपूर आणि महाबळेश्वर नकाशावर शेजारी राहतात आणि रस्त्याने फार दूर जातात. हे तिथल्या माणसाला सकाळच्या चहाबरोबर कळते. पडद्यावर ते कोणीतरी भरल्याशिवाय दिसत नाही.

तिलारीकाठ

गोव्याच्या सीमेवरच्या आमच्या दोडामार्ग भागात हा वाद ऐकून थोडे हसू येते. आमच्या फोनने पलीकडचा टॉवर पकडला की 108 चा फोन गोव्यात जातो. तिथली सेवा 2008 पासूनची आहे, निराळी संस्था चालवते आणि निराळ्या सरकारची आहे. फोन घेणाऱ्याला आमची भाषा उत्तम समजते, गावही ऐकून माहीत असते, आणि तरीही त्याच्या हातात आमच्या हद्दीतली गाडी नसते. गंभीर रुग्ण शेवटी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच न्यायचा असतो, ही त्यावरची गंमत. म्हणजे स्थानिक ज्ञान आहे आणि उपयोग नाही. जिल्हा की केंद्र हे ठरवण्याआधी दोन राज्यांच्या केंद्रांनी एकमेकांना नोंद थेट, माणसाला पुन्हा सगळे सांगायला न लावता, कशी द्यायची हे ठरवा. टॉवरला जिल्हा कळत नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या कक्षानेही आमचा प्रश्न सुटणार नाही.

लीड्सकर

ब्रिटनमध्ये या वादाची किंमत मोजून झाली आहे, म्हणून दोन उदाहरणे देतो.

इंग्लंडमध्ये अग्निशमन दलाचे 46 स्थानिक नियंत्रण कक्ष बंद करून त्यांच्या जागी 9 प्रादेशिक केंद्रे उभारण्याची योजना 2004 मध्ये हाती घेण्यात आली. संगणकप्रणाली वेळेत तयार झाली नाही, स्थानिक दलांना ती नको होती, आणि डिसेंबर 2010 मध्ये योजना गुंडाळली गेली. तोवर किमान 469 दशलक्ष पौंड वाया गेले होते.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडचे आहे. 5 जुलै 2015 रोजी स्टर्लिंगजवळ एम-9 महामार्गाच्या उतारावर एक मोटार पडलेली आहे, असा फोन एडिंबरोजवळच्या पोलीस केंद्रात आला. तो घेतला गेला, पण संगणकात चढलाच नाही. मोटार सापडली ती तीन दिवसांनी, दुसरा फोन आल्यावर. चालक मरण पावला होता. शेजारी बसलेली तरुणी तोवर जिवंत होती आणि पुढे रुग्णालयात दगावली. या प्रकरणात 2021 मध्ये पोलीस दलाला एक लाख पौंडांचा दंड झाला. त्या काळात स्कॉटलंडमध्ये स्थानिक कक्ष बंद करून काम थोड्या केंद्रांत एकवटले जात होते.

बिनतारी

माझ्या मांडणीला याहून स्पष्ट पुरावा मला देता आला नसता.

रात्रपाळी

क्षमा असावी, मला यातून उलटे दिसते. त्या प्रकरणात फोन घेणाऱ्या अधिकाऱ्याने वहीत टिपून ठेवले आणि प्रणालीत भरले नाही, म्हणजे नोंदवहीच्या जुन्या सवयीने घात केला. नोंद क्रमांकाशिवाय फोन ठेवताच येणार नाही अशी रचना असती, तर केंद्र दूर होते की जवळ, याने फरक पडला नसता.

पायरीवरचा

आपण सगळे रचनेवर बोलत आहात. माझा मुद्दा थोडक्यात मांडतो: हे काम करणाऱ्याला आपण काय समजतो? अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात 2018 च्या आवृत्तीतही हे कर्मचारी कार्यालयीन आणि प्रशासकीय साहाय्यकांच्या गटात आहेत, आणि ते बदलावे म्हणून तिथले कर्मचारी झगडत आहेत. आपल्याकडे ज्यांना कंत्राटावर घेऊन पाळीला बसवतो, त्यांना गावांची नावे तोंडपाठ होईपर्यंत ते दुसरी नोकरी शोधतात. अशा परिस्थितीत केंद्र जिल्ह्यात असले काय आणि राजधानीत असले काय!

रात्रपाळी

यावर मी काही बोलले तर ते स्वतःसाठी मागितल्यासारखे होईल, तरी एक लिहिते. मृत्यूच्या फोननंतर पुढचा फोन घेण्याआधी काही मिनिटे खुर्चीवरून उठण्याची मुभा असावी, एवढे जरी नियमात आले तरी माणसे टिकतील.

'बिनतारी' यांना माझा एक प्रस्ताव आहे. फोन केंद्रातच उचलावा, पण जिल्हा कळताक्षणी तिथल्या पाठवणाऱ्याला तो चालू फोन ऐकता यावा, आणि त्याने "कालव्याचे वडगाव, गाडी काढली" असे टंकले की ते माझ्या पडद्यावर दिसावे. त्याचे ज्ञान वापरले जाईल आणि नोंद माझ्याकडे राहील.

बिनतारी

प्रस्ताव चांगला आहे, पण अर्धा आहे. ऐकणाऱ्याला बोलताही आले पाहिजे. "कारखान्याकडचे ना?" हा प्रश्न मी टंकणार, आपण वाचणार, मग त्याला विचारणार, त्यापेक्षा मीच विचारला तर काय बिघडते? माणसाला आपल्याकडचा आवाज ऐकू आला तर तो निम्मा शांत होतो.

रात्रपाळी

बिघडते ते असे की घाबरलेल्या माणसाला एकाच वेळी दोन आवाज सूचना देऊ लागतात, आणि छाती दाबायला लावलेला मुलगा "कारखान्याकडचे ना?" याचे उत्तर द्यायला थांबतो. शिवाय पुढे चौकशी झाली तर त्या फोनला जबाबदार कोण, मी की आपण? याचे उत्तर आपण द्या, मग बोलण्याची मुभा देण्यास मी तयार आहे.

घाटमाथा

वैद्यकीय फोनावर दुसरा आवाज नकोच. पोलिसांच्या फोनावर काय करावे ते आपण दोघांनी ठरवावे.