दोनदा बायोप्सी 'कर्करोग नाही', तरी अन्ननलिकेतली वाढ तशीच

वाळपई_जीपी
साठी ओलांडलेले रुग्ण, अकॅलेशिया (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याचा विकार) जुना. आता पेजेतली शितंसुद्धा अडकतात. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात पांढरी, चामखिळीसारखी वाढ. दोन्ही बायोप्सींचा रिपोर्ट एकच: हायपरकेरॅटोसिस आणि अकँथोसिस (अस्तराचे थर जाड होणं), वर कँडिडा बुरशी, दुष्ट पेशी नाहीत. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल तीन आठवडे देऊन झालं, फरक शून्य. विरळ प्रकारांपैकी काय धरायचं आणि पुढचा तुकडा कसा घ्यायला सांगायचा?

हिस्टो_फोंडा
डॉक्टर, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत व्हेरुकस कार्सिनोमा धरा. जुना अकॅलेशिया, पांढरी वाढ, वर कँडिडा, हे सगळं त्याच दिशेला बोट दाखवतं. हा स्क्वेमस कर्करोगाचाच (अस्तराच्या चपट्या पेशींचा) विरळ भाऊ. सावकाश वाढतो, दूर क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी खोल शिरतो. वरच्या पेशी अगदी सभ्य दिसतात. निदान ठरतं तळाशी, जिथे रुंद, बोथट मुळं खालच्या थरात ढकलत गेलेली असतात. चिमट्याचा तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तो तिथवर पोहोचतच नाही. म्हणजे रिपोर्ट खोटा नाही, तुकडा उथळ आहे. कँडिडा सापडला म्हणून तिथेच थांबणं ही यातली नेहमीची फसगत.

दुर्बीण_मडगाव
अकॅलेशियात अन्न साचून राहतं, म्हणून स्कोपीआधी किमान दोन दिवस फक्त पातळ पदार्थ. नाहीतर धड दिसत नाही आणि साचलेलं श्वासनलिकेत जायची भीती. मोठ्या जबड्याचा चिमटा वापरायचा, एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा चावा घेत खोल जायचं, एकूण सहा ते आठ तुकडे. त्याआधी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करून भिंतीचा कोणता थर जाड झालाय ते पाहा. वाढ लहान आणि वरच्या थरांतच असेल तर ईएमआर किंवा ईएसडीने (दुर्बिणीतूनच अस्तराचा भाग कापून काढण्याच्या पद्धती) अख्खा तुकडा काढा. पॅथॉलॉजिस्टला तळ दिसतो तो तेव्हाच.
इतकं करूनही निगेटिव्ह आलं आणि भिंत जाडच असेल, तर ट्यूमर बोर्डासमोर (कर्करोगतज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत) ठेवा. व्हेरुकसचं पक्कं निदान पुष्कळदा शस्त्रक्रियेत काढलेल्या भागावरच होतं.
एक वेगळी गोष्ट: वरचं अस्तर गुळगुळीत आणि खाली फुगवटा असेल तर असे खोल चावे घेऊ नका. तो बहुधा लायोमायोमा (स्नायूची साधी, कर्करोग नसलेली गाठ) असतो. चाव्याच्या जागी वण धरला की पुढे गाठ सोलून काढताना अस्तर फाटायची भीती असते.

हिस्टो_फोंडा
बाकीचे विरळ प्रकारही बायोप्सीच्या फॉर्मवर सुचवलेत तर बरं, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारे योग्य रंग (मार्कर) लावता येतात. स्मॉल सेलला (लहान पेशींचा, झपाट्याने पसरणारा कर्करोग) सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम१ आणि केआय-६७. फुफ्फुसाच्या कर्करोगात दिसणारा टीटीएफ-१ मार्कर पॉझिटिव्ह आला म्हणून फुफ्फुसातून आलाय असं लिहू नये, अन्ननलिकेतल्या स्मॉल सेलमध्येही तो येतो. छातीचा सीटी पाहूनच ठरवायचं. आणि हे शस्त्रक्रियेआधी कळायला हवं, कारण तिथे उपचाराचा कणा केमोथेरपी असते. मेलानोमाला (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) एस-१००, सॉक्स१०, एचएमबी-४५. गाठ काळी नसली तरी तो असू शकतो, आणि त्वचा व डोळे तपासल्याशिवाय 'मूळ अन्ननलिकेतला' म्हणता येत नाही. देठावर लोंबणारी मोठी गाठ असेल तर कार्सिनोसार्कोमा (स्क्वेमस आणि लांबट अशा दोन्ही पेशींची मिश्र गाठ) आठवा: टोकाच्या तुकड्यात फक्त लांबट पेशी दिसतात, स्क्वेमस भाग बहुधा बुडाशी असतो. व्रणाच्या मध्यातून तुकडा घेतला तर नुसती मृत पेशींची साय हाती लागते, कडेनेच घ्या.

वाळपई_जीपी
जुन्या बायोप्सी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला किंवा परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाला दाखवायच्या झाल्या तर काय काय मागून घ्यायचं?

लॅब_म्हापसा
फक्त रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागा, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या, सोबत एंडोस्कोपीचे फोटो आणि सीटीची सीडी. ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं. तुकडा लहान असेल तर बिनरंगाच्या जादा स्लाइड एकाच बैठकीत कापून ठेवायला सांगा. दर वेळी ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवला की समतल करण्यातच ऊतक वाया जातं. नवे तुकडे १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रव. लिम्फोमाची (लसिका पेशींचा कर्करोग) शंका असली तर एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये, त्याच दिवशी फ्लो सायटोमेट्रीला (जिवंत पेशी एकेक करून ओळखणारी तपासणी) पोहोचेल असा पाठवा.