मदत हवी आहे: कुत्र्यांच्या खाऊसाठी प्लास्टिकशिवाय पॅकिंग, पावसात टिकेल असं

मोतीची_आई
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते, कारण वेळ कमी आहे. मी घरी कुत्र्यांसाठी खाऊ करून विकते. आपल्या मालामुळे प्लास्टिकचा कचरा वाढता कामा नये हे पहिल्यापासून पक्कं होतं, म्हणून यंदा साधे पाऊच बंद करून कागदी 'कंपोस्टेबल' पाऊच घेतले. जवळजवळ दुप्पट किमतीला. आता पाकिटं परत येताहेत. खाऊ सादळतो, काही पाकिटांत बुरशीसुद्धा. पुरवठादार म्हणतो पाऊचमध्ये दोष नाही. गणपतीआधी मोठी ऑर्डर द्यायची आहे आणि या आठवड्यात पाऊच मागवले नाहीत तर ते वेळेत येणार नाहीत. मातीत कुजेल पण ओल आत येऊ देणार नाही असं पॅकिंग कुठलं? 'प्लास्टिकच वापरा' हे उत्तर नको, ते मला माहीत आहे.

सह्याद्री७७
खाऊ म्हणजे नेमकं काय? बिस्किटं, की सुकवलेलं मांस? कुठे राहता? माल हातोहात जातो की कुरिअरने? किती दिवस टिकायला हवा?

मोतीची_आई
नेहमीचाच खाऊ. नाचणी-लाल भोपळ्याची बिस्किटं आणि कोंबडीच्या कलेजीच्या चकत्या. पण प्रश्न पॅकिंगचा आहे, रेसिपीचा नाही.

सह्याद्री७७
ताई, नाचणीचं बिस्किट आणि कलेजी यांना एकच पाऊच चालेल असं धरून चाललात तर उत्तर मिळणार नाही. बुरशी नक्की कशाला येते? आणि गाव?

पानपत्रावळ
पळसाची पानं वापरा! आमच्याकडे भंडाऱ्याला अजून पत्रावळी आणि द्रोण घरी लावतात. दोन द्रोण समोरासमोर ठेवून काडीने टाचले की छान डबी होते. शून्य प्लास्टिक, बायकांना काम मिळतं, आणि ग्राहकालाही काहीतरी वेगळं हाती पडल्याचा आनंद. मी लग्नात लाडू असेच वाटले होते.

जिरवा_कचरा
@पानपत्रावळ लाडू त्याच दिवशी संपतात. पानाच्या डबीत कलेजी ठेवली तर तासाभरात मुंग्या. पळस तिथेच वापरावा जिथे खाऊ लगेच खाल्ला जातो.

पानपत्रावळ
मुंग्यांसाठी बाहेरून कापड बांधता येतं. आपण प्रत्येक देशी उपाय आधी मोडीत काढतो याचं वाईट वाटतं.

अण्णा_पॅकिंगवाले
माझं आयुष्य पाऊच आणि फिल्मच्या धंद्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाजारात 'क्राफ्ट पेपर पाऊच' म्हणून जे मिळतं त्यात कागद बहुतेक वेळा फक्त बाहेरून असतो. आतून पॉलिथिनचा, कधी अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. कोपरा पाण्यात भिजवून कागद बोटाने घासून काढा, आत पातळ पापुद्रा उरला तर समजा. असा पाऊच ना कागदाच्या रद्दीत जातो ना प्लास्टिकच्या. साध्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा तो पर्यावरणाला बरा आहे असं मला कधीच पटलेलं नाही.

तुमचा पाऊच खरोखर कंपोस्टेबल असेल तर आत मक्यापासून केलेल्या पीएलए नावाच्या प्लास्टिकचा किंवा तत्सम थर असेल. मग पुरवठादाराचं म्हणणंही खरं असू शकतं: पाऊच जसा असायला हवा तसाच आहे. पीएलएमधून पाण्याची वाफ पॉलिथिन किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन, हेही साधं प्लास्टिकच) यांच्या मानाने कितीतरी जास्त आरपार जाते. पावसाळ्यात हेच होणार.

तरी त्याच्याकडे प्रमाणपत्र मागा. आपल्याकडे कंपोस्टेबल प्लास्टिकला आयएस १७०८८ हे मानक आहे आणि उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल आणि प्रमाणपत्र दाखवायला टाळाटाळ होत असेल तर त्या पाऊचचा सगळा साठा परत करा.

जिरवा_कचरा
अण्णा, कंपोस्टेबलला असं सरसकट नाकारू नका. मी गच्चीवर ड्रममध्ये ओला कचरा जिरवतो, आमची सोसायटीही जिरवते. लोकांना सवय लागतेय. उद्योजकांनी मागणी केली नाही तर चांगली फिल्म कधी येणार?

अण्णा_पॅकिंगवाले
@जिरवा_कचरा तुमच्या ड्रममध्ये ५८-६० अंश तापमान सलग टिकतं का? पीएलएला तेवढी उष्णता लागते. गच्चीवरच्या ड्रममध्ये किंवा बागेतल्या मातीत तो वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात जाणार असेल तर जरूर वापरा. पण ग्राहक तो सुक्या कचऱ्यात टाकणार, तिथून तो इतर प्लास्टिकमध्ये मिसळणार आणि पुनर्वापराचा लॉट बिघडवणार.

जिरवा_कचरा
माझ्या ड्रममध्ये कंपोस्टेबल पिशवी विरघळायला फार वेळ लागला हे खरं. पण लागला तरी विरघळली. जाडी कमी असेल तर फरक पडतो.

परवाना_काका
ताई, पॅकिंग नंतर बघा, आधी कागदपत्रं. अन्न सुरक्षा कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसाचं अन्न, पशुखाद्य त्यात धरलेलं नाही, त्यामुळे त्या परवान्याच्या मागे धावू नका. पण वैधमापनाचे २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम लागू होतात. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसहित किंमत, तक्रारीसाठी संपर्क, हे पाकिटावर हवंच. पॅक करणाऱ्याची नोंदणीही लागते. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक आयएस ११९६८ आहे, ते वाचून ठेवा. उद्यम नोंदणी केली का?

मोतीची_आई
काका, नोंदणी आहे, लेबल आहे, सगळं आहे. मला पाऊच हवाय.
@सह्याद्री७७ चिपळूण. माल कुरिअरने मुंबई-पुण्याला जातो, थोडा इथेच दोन दुकानांत. दोन महिने टिकायला हवा. बुरशी बिस्किटांना जास्त. कलेजी मऊ पडते आणि खवट वास येतो.

सह्याद्री७७
चिपळूण! हे पहिल्याच ओळीत हवं होतं. आता सांगा, बिस्किटं भाजल्यावर काय करता?

मोतीची_आई
संध्याकाळी ओव्हनमधून काढते, ताटात पसरून पंख्याखाली गार करते, सकाळी मुलं शाळेत गेली की भरते. त्यात काय?

सह्याद्री७७
त्यातच सगळं आहे. श्रावणातल्या चिपळूणच्या हवेत रात्रभर उघडं पडलेलं बिस्किट सकाळपर्यंत भरपूर ओल ओढून घेतं. ती ओल तुम्ही पाऊचमध्ये बंद करताय. मग पाऊच काचेचा असला तरी बुरशी येणार. मी मांजरांसाठी खाऊ करायचो, अजून घरापुरता करतो. बिस्किटं टोस्टसारखी दोनदा भाजा. एकदा शिजेपर्यंत, मग काप वेगळे करून मंद आचेवर, साधारण १०० अंशांच्या आसपास, पूर्ण वाळेपर्यंत. वजनकाट्यावर तेच ताट पुन्हापुन्हा ठेवा, वजन उतरायचं थांबलं की झालं. हाताला गार लागताच लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. भोपळा आणि रताळं ओल धरून ठेवतात, त्यामुळे नुसत्या नाचणीच्या बिस्किटापेक्षा यांना बराच जास्त वेळ लागतो.

पदार्थात बुरशीला वापरता येईल अशी मोकळी ओल किती, याला अन्नतंत्राचे लोक वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. ती ०.६ च्या खाली गेली की बुरशी, जिवाणू काहीच वाढत नाही. एखाद्या खाद्य प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या. हा एक आकडा हातात असला की पाऊचबद्दलचे निम्मे वाद संपतात.

उन्हाचा_वाळा
मग वीज कशाला जाळता? सौर वाळवणी यंत्र घ्या. कोकणात आंबापोळी, फणसपोळी पूर्वापार उन्हात वाळते. पर्यावरणपूरक म्हणायचं आणि ओव्हन तासन्‌तास चालवायचा, हे जुळत नाही. कलेजीही त्यातच वाळेल.

पशुवैद्य_सातारा
@उन्हाचा_वाळा कलेजीच्या बाबतीत हे कृपया करू नका. कच्ची कोंबडी नुसत्या उन्हात किंवा कमी तापमानाच्या ड्रायरमध्ये वाळवली तर साल्मोनेला मरत नाही, वाळलेल्या मांसात तो टिकून राहतो. आधी तुकड्याच्या आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत गेलं पाहिजे, मग वाळवण. हा खाऊ लहान मुलंही हातात घेतात, धोका फक्त कुत्र्याला नाही. भोपळा, गाजर, रताळ्याच्या चकत्या सौर यंत्रात खुशाल वाळवा, तेही ऑक्टोबर ते मे.

पाकिटात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीत लोखंडाची भुकटी असते, कुत्र्याने ती गिळली तर लोहाची विषबाधा होऊ शकते. सिलिकाचे निळे मणी तर आणूच नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. कलेजीच्या वासाची पुडी कुत्रा सोडत नाही.

आणि पाकिटावर प्रमाण छापा. कलेजीत अ जीवनसत्त्व खूप असतं, रोज मूठभर दिली तर ते अंगात साठतं. एकूण खाऊ दिवसभरातल्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावा.

नाखवा
कलेजी सोडा, बोंबील करा. वलांडीवर, म्हणजे मासळी टांगायच्या मांडवावर, वाळलेले बोंबील, आमची कुत्री त्याच्यावरच वाढली.

पशुवैद्य_सातारा
बिनमिठाचे असतील तर उत्तम. बाजारातली बरीच सुकी मासळी खारवलेली असते, ती नको.

बिअरमित्र_बाणेर
पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत उरलेला सातूचा चोथा फुकट मिळतो. त्याची बिस्किटं करा. यापेक्षा पर्यावरणपूरक काय असणार?

पशुवैद्य_सातारा
हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालण्याआधी गाळलेला चोथाच. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत. आणि ओला चोथा काही तासांत आंबतो, चिपळूणला पोचेपर्यंत तो गेलेला असेल.

कायदा_पाळा
महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, पहिलाच दंड ५,००० रुपये. इथे कुणी ताईंना प्लास्टिककडे ढकलू नये.

अण्णा_पॅकिंगवाले
@कायदा_पाळा बंदी हातात धरायच्या पिशव्या, थर्माकोलची ताटं-वाट्या, चमचे अशा वस्तूंवर आहे. उत्पादनाच्या जागीच मालाभोवती घातलेलं वेष्टन अटींसह चालतं. कायद्याची भीती घालण्याआधी अधिसूचना वाचावी.

अनघा_पौड
मी कचरा वर्गीकरणाचं काम करते. मोतीची आई, तुमची कळकळ मनापासून पटते, म्हणून एक वेगळी बाजू. पुण्यात तुमचं पाकीट शेवटी कुणाच्या हातात पडतं? कचरावेचक ताईंच्या. त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. त्यांना विचारा, कुठल्या पाकिटाला भंगारात भाव येतो. काच, पत्रा, एकाच जातीचं स्वच्छ प्लास्टिक, हे उचललं जातं. कागद-प्लास्टिक-चंदेरी थर एकत्र चिकटवलेलं पाकीट बाजूला टाकलं जातं. 'कंपोस्टेबल' म्हणणाऱ्या पाकिटाचं काय करायचं हे बहुतेक कुणालाच माहीत नसतं.

दुसरं म्हणजे पाकीट काही ग्रॅमचं असतं. त्यात बुरशी लागून फेकलेली कलेजी, भोपळा, नाचणी, वीज आणि परतीचं कुरिअर यांचा बोजा त्या पाकिटापेक्षा खूप मोठा. माल वाया न जाणं हेच तुमच्या धंद्यातलं पर्यावरणाचं पहिलं काम आहे.

चिपळूणच्या दोन दुकानांत तर पाऊचची गरजच नाही. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या, अनामत घेऊन. रिकामी बरणी आणली की पैसे परत. दुकानातून गोळा करून उकळत्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरड्या करा.

मोतीची_आई
अनघाताई, बरण्यांचं पटलं. दुकानवाले ओळखीचे आहेत, ऐकतील. पण मुंबई-पुण्याला काच पाठवू शकत नाही, आणि पुन्हा प्लास्टिकवर यायचं म्हणजे पोटात कालवतं. माझ्या ग्राहकांनी 'कंपोस्टेबल' या शब्दावर विश्वास ठेवून खाऊ घेतलाय. खऱ्या सेलोफेनचं काय? ते लाकडाच्या लगद्याचं असतं ना?

अण्णा_पॅकिंगवाले
खरं सेलोफेन असतं, पण दुकानात त्या नावाने देतात ती बहुतेक वेळा बीओपीपी फिल्म, म्हणजे प्लास्टिकच. खरं साधं सेलोफेनही ओल अडवत नाही, त्याला वरून लेप लागतो.

मी सांगतो ते करून बघा. कुरिअरसाठी एकाच जातीच्या प्लास्टिकचा पाऊच मागा, पूर्ण पीपी किंवा पूर्ण पॉलिथिन, झिपसुद्धा त्याच जातीची. विचारताना 'लॅमिनेशन आहे का' असं स्पष्ट विचारा, कारण उभे राहणारे पाऊच सहसा दोन जातींचे चिकटवलेले असतात. वर कागदी लेबल नको, त्याच जातीच्या फिल्मचं घ्या. असा पाऊच ओल अडवतो, पण हवा तितकीशी अडवत नाही, म्हणून कलेजी थोडीथोडी करा आणि तिच्यावर एक महिन्याचीच मुदत छापा. बिस्किटांना दोन महिने ठीक. ग्राहकांना स्वच्छ सांगा की हे प्लास्टिक आहे, कुठल्या जातीचं आहे, आणि रिकामी पाकिटं पुढच्या ऑर्डरच्या वेळी परत घेऊ.

जिरवा_कचरा
परत घेण्याचं असेल तर माझा विरोध नाही. पुण्यात गोळा करायला जागा हवी असेल तर आमच्या सोसायटीत विचारतो.

पानपत्रावळ
चिपळूणच्या दुकानात सुटा खाऊ विकणार असाल तर द्रोण तिथे चालतील की नाही?

अनघा_पौड
त्याच दिवशी खायचा असेल तर हो, तिथे द्रोण छानच.

मोतीची_आई
ठीक. कलेजीची मुदत एक महिना करते आणि बिस्किटं उद्यापासून दोनदा भाजते. दोन पुरवठादार पूर्ण पीपीचा पाऊच देतो म्हणताहेत, दोघंही 'शंभर टक्के ओल जाणार नाही' म्हणतात. यावेळी शब्दावर घेणार नाही. घरी तपासता येईल का?

अण्णा_पॅकिंगवाले
येईल. नमुने मागवा. प्रत्येकात कोरडं पांढरं सिलिका जेल भरा, बंद करा, तोला, आणि न्हाणीघरात टांगून ठेवा. रोज त्याच वेळी तोला. ज्याचं वजन जास्त वाढेल त्यातून ओल जास्त जाते. सध्याचा कागदी पाऊचही शेजारी टांगा, म्हणजे तुलना करता येईल. एक पाऊच झिप लावून आणि एक वरून सील करून बघा, अनेकदा ओल झिपमधूनच शिरते.

मोतीची_आई
काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो. चालेल?

अण्णा_पॅकिंगवाले
कागदीचा फरक दिसेल. पीपीचा एवढ्यात दिसणार नाही. एकाच प्रकारचे चार-पाच पाऊच एकत्र तोला, नाहीतर सोनाराकडून तोलून आणा.

मोतीची_आई
शेजारीच सराफ आहेत. नमुने आजच मागवते.