सॉफ्टवेअरच्या डिरेक्टरीत बटण मोठं हवं की माहिती?

पिक्सेलपंत:
सॉफ्टवेअरची यादी देणाऱ्या साइटवर लोक येतात, चार पानं चाळतात आणि काही न घेता जातात. माझ्या मते सगळा दोष गर्दीचा. नाव, एका ओळीत काम, किंमत, कशावर चालतं आणि एक ठसठशीत बटण, बस्स. क्लिक झालंच पाहिजे.

डाउनलोडकर:
या 'झालंच पाहिजे'पायी सोर्सफोर्ज या फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्या साइटची काय गत झाली ते आठवा. पानभर हिरवी डाउनलोड बटणं, त्यातलं खरं एकच, बाकी जाहिराती. २०१३ मध्ये डेव्हशेअर आणलं, म्हणजे इन्स्टॉलरमधूनच भलतीसलती सॉफ्टवेअर गळ्यात मारायची सोय. त्याच नोव्हेंबरात गिंप या फुकट फोटो-एडिटरवाल्यांनी तिथून बाडबिस्तरा हलवला. २०१६ मध्ये नवे मालक आले, त्यांनी लगेच डेव्हशेअर बंद केलं. पण गेलेली पत थोडीच परत येते! तोवर बरेच प्रकल्प गिटहब या दुसऱ्या साइटवर स्थिरावले होते.

पिक्सेलपंत:
अहो, ती लबाडी झाली. फसवं बटण वेगळं, ठळक बटण वेगळं.

वाटाड्या:
तुम्ही दोघं बटणावरच अडकलात. येणाऱ्याला बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचं नावच माहीत नसतं. फोटोशॉप परवडत नाही, एवढंच त्याला कळतं. अल्टरनेटिव्हटू ही साइट तिथूनच सुरुवात करते: सध्या काय वापरता ते सांगा, मग पर्याय बघा. त्यावर फुकट, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), लिनक्स अशी चाळणी लावा. एफ-ड्रॉइड हे अँड्रॉइडच्या फुकट ॲप्सचं दुकान तर ॲपच्या पानावरच सांगतं की हे जाहिराती दाखवतं, हे तुमच्यावर पाळत ठेवतं. तरी लोक घेतात, कारण नंतर धक्का बसत नाही.

पिक्सेलपंत:
एफ-ड्रॉइड देणग्यांवर चालतं हो. उणिवा छापल्यावर कोणती कंपनी पैसे देऊन नोंदणी करेल? सर्व्हरचं बिल तुम्ही भरणार का?

हिशेबनीस:
आता आलात मुद्द्यावर. कॅप्टेरासारख्या, धंद्याच्या सॉफ्टवेअरची यादी देणाऱ्या ठिकाणी कंपन्या क्लिकमागे पैसे मोजतात, वरच्या जागेसाठी बोली लावतात. तिथे पान कितीही देखणं करा, ते क्लिकच ओढणार. चुकून आलेला आणि खरा गरजू, दोघांचा दर सारखाच! त्याऐवजी चाचणी खातं उघडलं तरच पैसे घ्या. मग भलतं गिऱ्हाईक पाठवण्यात डिरेक्टरीचंच नुकसान, आणि 'हे अमक्या-तमक्याच्या कामाचं नाही' ही ओळ कंपनी आपणहून लिहून देईल.

पिक्सेलपंत:
अशी ओळ लिहून देणारी कंपनी सापडली तर कळवा. पेढे माझ्याकडून.